तूरडाळीच्या रंगाची खोली

घरात काम काढलं की धूळ आणि किस्से दोन्ही साठतात. धूळ पुसता येते. किस्से मात्र सांगून सांगून वाढतच जातात. आमच्या सिल्वासाच्या घरातल्या माळ्याची खोली करायला घेतल्यापासून तर स्टाफरूममध्ये मला डबा खायला वेळच मिळत नाही!

हे गेले त्याला वर्ष होत आलं. घरात सासूबाई आणि मी. नाशिकहून धाकट्या दिरांचा फोन आला, "वहिनी, मुलांच्या परीक्षा संपल्या की आईला घेऊन जातो. आता मुलाकडेच बरं दिसतं."

मी म्हटलं, "आईंना विचारा."

आई म्हणाल्या, "बघू."

त्यांनी राहावं असं मला वाटत होतं. त्याच आठवड्यात माळा साफ करायला काढला.

*

माळ्यावर ह्यांनी जपलेली रिकामी खोकी. टीव्हीच्या खोक्यात मिक्सरचं, मिक्सरच्या खोक्यात इस्त्रीचं, इस्त्रीच्या खोक्यात घड्याळाचं. घड्याळाचं मी अगदी हलक्या हाताने उघडलं. आत सुतळी. खोकी बांधायला!

आई म्हणाल्या, "मुलगा माझा, पण ही सवय लग्नानंतरची!"

कितीतरी दिवसांनी आम्ही दोघी मोठ्याने हसलो.

*

रंगकामाला भटू. मूळचा शिरपूरचा, खडोलीला कंपनीत कामाला, सुट्टीच्या दिवशी रंगारी. त्याने शेडकार्ड उघडलं. आईंनी ते बाजूला सारलं आणि त्याच्या हातावर मूठभर तूरडाळ ठेवली. "असा रंग आण."

थोड्या वेळाने दुकानातून त्याचा फोन. "आजी, शेठ विचारू राहिला, कच्ची का शिजेल?"

आई शांतपणे म्हणाल्या, "कच्ची. पण धुतलेली."

आणि तोच रंग आला हो!

*

पलंग मी वापीहून पसंत करून आणला. वर चढवताना जिन्याच्या तोंडाशी अडकला. सुतार किशोरभाईंनी पलंगाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "बेन, पलंग मोटो नथी, बाकोरुं नानुं छे!" म्हणजे दोष पलंगाचा नाही, माळ्याचं तोंडच लहान.

शेवटी त्यांनी तो सुटा करून वर नेला आणि तिथे ठोकून पक्का केला. मी विचारलं, "कधी खाली आणायचा झाला तर?"

"तो घर उतारवुं पडे!"

खालून आईंचा आवाज आला, "बरं झालं. एकाचं तरी नक्की झालं."

मी चहा ठेवायला गेले.

*

स्टाफरूमच्या सावंत मॅडमनी मोबाइलवर परदेशातल्या माळ्यांचे फोटो दाखवून डोकं खाल्लं. "छपरातून उजेड हवा, त्याखाली खुर्ची, हातात पुस्तक. रीडिंग कॉर्नर!" म्हणून मी एक काचेचं कौल बसवून घेतलं.

कौतुकाने बघायला त्याच आल्या. उन्हाच्या चौकोनात खुर्ची नव्हती. आईंनी भटूकरवी उडदाचे पापड वाळत घातले होते. ऊन सरकेल तशी भटू चादर सरकवत होता, रंगाचा ब्रश दुसऱ्या हातात.

"अहो, इथे वाचायचं ना?" मॅडमनी विचारलं.

"वाचा की," खालून आई म्हणाल्या. "फक्त पापडावर सावली पाडू नका!"

*

परीक्षा संपल्या. दीर गाडी घेऊन आले. मी आईंची औषधं एका पिशवीत भरून ठेवली होती. आईंनी मात्र एकही साडी कपाटातून काढलेली नव्हती.

"आई, आवर ना. ऊन व्हायच्या आत निघू."

"निघशील रे. आधी वर जाऊन खोली बघून ये."

दीर वर गेले. आई जिन्याच्या कठड्याला धरून खाली उभ्या.

"विनू, पंखा लाव. वारा लागतो?"

"मस्त लागतो!"

"पलंगावर आडवा हो बघू. पाय मावतात?"

"मावतात की! आई, खोली फार सुंदर झालीय गं. कोणासाठी केली एवढी?"

"तुझ्यासाठीच," आई म्हणाल्या. "माझी आठवण आली की येऊन राहत जा."