रामाजी जमादारांच्या पट्ट्या

सहा शिपायांनी सहा बाजूंनी "डोमा, ए डोमा" अशा हाका मारल्या आणि घराच्या दारात बसलेला डोमा कुऱ्हाड उगारून उभा राहिला. या हाका मारायला त्यांना मीच शिकवलं होतं. दोनच दिवसांपूर्वी प्रत्येकाच्या वहीत लिहवूनही घेतलं होतं. नियम पहिला : रोग्याला नावानं हाक मारावी.

थोडं मागे जातो. ही गोष्ट पन्नास सालानंतरची. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत आणि गडचिरोली त्याच जिल्ह्यात होती. मी तिकडच्या एका सरकारी दवाखान्यात डॉक्टर होतो. त्याआधी दोन वर्षं नागपूरला वेड्यांच्या इस्पितळात काढली होती, त्यामुळे या विषयातलं आपल्याला सगळं कळतं असा माझा समज होता.

गावात कोणाचं डोकं फिरलं की कोतवाल ठाण्यावर वर्दी देई. मग पोलीस त्या माणसाला धरून आणत, मी तपासून सर्टिफिकेट देई, मॅजिस्ट्रेटचा हुकूम होई आणि त्याची रवानगी नागपूरला. कागदावर त्याचं नाव 'वेडसर इसम'. पण शिपायांना धरून आणायची एकच रीत ठाऊक, चोराची. माझ्यापुढे येणाऱ्या माणसांची मनगटं दोरानं सोललेली असत. आधी मलमपट्टी, मग तपासणी. शेवटी वैतागून मी डी.एस.पी. साहेबांकडे तक्रार घेऊन गेलो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "तक्रार समजली. आता तुम्हीच शिकवा. पाच दिवस देतो." तक्रार करायला गेलो आणि काम गळ्यात पडलं.

ठाण्यासमोरच्या चिंचेखाली क्लास भरला. सहा शिपाई आणि रामाजी जमादार. जमादारांची पेन्शन जवळ आलेली. ब्रह्मपुरीकडचा माणूस, सुटलेलं पोट, पांढऱ्या मिशा, आणि लिहिण्याचं वावडं. ते सगळ्यांच्या मागे बसून सुपारी कातरत. मी आठ नियम तयार केले होते. शिपायांनी ते कवायतीच्या हुकमासारखे पाठ केले. नियम पाच म्हटलं की सहाही जण एका सुरात पाचवा नियम म्हणून दाखवत. मी खूश होतो.

जमादारांनी दोन दिवसांत एकच प्रश्न विचारला. "डॉक्टरसाहेब, त्याले काय होऊन राह्यलं, हे पहिले विचारायचं का मंग?"

ते डॉक्टरचं काम, पोलिसाचं नव्हे, असं मी त्यांना ऐकवलं. ते उत्तर आठवलं की अजून माझे कान गरम होतात.

तिसऱ्या दिवशी सकाळी चार कोसांवरच्या एका गावचा कोतवाल वर्दी घेऊन आला. तिथला डोमा नावाचा धान पिकवणारा शेतकरी दोन दिवसांपासून बायकोला घरात कोंडून, कुऱ्हाड घेऊन दारात बसला होता. जो जवळ जाईल त्याच्यावर धावून येत होता. बायकोला पाण्यालासुद्धा बाहेर पडू देत नव्हता. ठाणेदारांनी दोघा शिपायांना बंदुका दिल्या आणि अंगावर आलाच तर चालवा असं सांगितलं. मी सोबत निघालो. खरं सांगतो, मला थोडा आनंदच झाला होता. प्रॅक्टिकल आयतंच मिळालं होतं.

पोचलो तेव्हा दुपार कलली होती. मातीच्या भिंतींचं, कवेलूंच्या छपराचं घर. दारात डोमा, तीस-बत्तीस वर्षांचा, डोळे तारवटलेले. त्याच्या मागे अंधारात बायको सोनाबाई गुडघ्यांना मिठी घालून बसलेली दिसत होती. मी हळूच म्हणालो, "नियम पहिला." शिपाई आज्ञाधारक. ते घराभोवती पांगले आणि परेडच्या आवाजात पाळीपाळीनं त्याच्या नावाचा गजर करू लागले.

डोमा थरथरत उभा राहिला. एकदा इकडे, एकदा तिकडे मान फिरवत, "आले, आले" म्हणत त्यानं कुऱ्हाड डोक्यावर नेली. दोन्ही बंदुका खांद्याला लागल्या. मी "थांबा" म्हणून ओरडलो. आठ नियमांत 'थांबा' नव्हता, तरी नशिबानं ते थांबले.

तेव्हा कुठे कोतवालानं खरी गोष्ट सांगितली. महिनाभरापासून डोमाला कोणीतरी रानातून नाव घेऊन हाका मारत असल्याचं ऐकू येत होतं. हाका मारणारे आपल्या सोनाला घेऊन जाणार अशी त्याची खात्री झाली होती. त्यानं बायकोला कोंडलं नव्हतं, तो तिची राखण करत होता. आणि आम्ही सहा बाजूंनी त्याच्याच नावानं ओरडत आलो होतो. हे सकाळीच का नाही सांगितलंस, असं मी कोतवालाला विचारलं. तो म्हणाला, कोणी विचारलंच नाही.

माझे आठही नियम संपले होते. मी जमादारांकडे पाहिलं. त्यांनी खुणेनंच बंदुका खाली ठेवायला लावल्या, डोक्यावरची टोपी कोतवालाच्या हाती दिली, अंगणात गेले आणि डोमापासून दहाएक पावलांवर चक्क मातीत बसकण मारली. मग पायाच्या पट्ट्या सोडायला लागले.

त्या काळी पोलिसाच्या पायाला घोट्यापासून गुडघ्यापर्यंत खाकी लोकरीची लांबलचक पट्टी गुंडाळलेली असे. ती सोडायला वेळ लागतो, बांधायला त्याहून जास्त. ज्याला कोणाच्या मागे धावायचं आहे, तो पट्ट्या सोडत नाही. हे डोमालाही कळत असणार.

जमादारांनी त्याचं नाव घेतलं नाही, त्याच्याकडे पाहिलंही नाही. आपल्याच पायांशी कुरकुरत होते, की चार कोस चालून पाय सुजले, सरकारनं पट्ट्या दिल्या पण सोडाले माणूस नाई दिला. एक पट्टी सुटली, दुसरी सुटली. डोमाची कुऱ्हाड आधी खांद्यावर आली, मग तो उंबऱ्यावर बसला तशी मांडीवर. सुटलेली पट्टी अंगणभर पसरली होती.

"हे टोक धरू लागतं का गा?" जमादार म्हणाले. "शेणामातीत लोळून राह्यली."

डोमा बराच वेळ त्या टोकाकडे बघत राहिला. मग त्यानं कुऱ्हाड चौकटीला टेकवली, दोन पावलं पुढे आला आणि दोन्ही हातांनी पट्टी ताणून धरली. जमादार तिची गुंडाळी करत बसल्या बसल्या पुढे सरकत राहिले. गुंडाळी संपली तेव्हा दोघं समोरासमोर होते. जमादारांनी आता विचारलं, तुला काय ऐकू येतं? डोमानं सगळं सांगितलं.

"मले नाई आयकू येत," जमादार म्हणाले. "पण तुले येते, हे खरं. सोनाबाईले पाणी आणू दे. तवरिक मी बसतो दाराशी."

डोमानं थोडा विचार केला आणि बाजूला सरकला. सोनाबाई पाण्याचा पितळी गुंड घेऊन बाहेर आली, आणि जाता जाता विळा उचलावा तशी कुऱ्हाडही उचलून घेऊन गेली. मी त्या बाईला मनातल्या मनात हात जोडले.

डोमा नागपूरला गेला तो मोटारीनं, शेजारी सोनाबाई आणि पुढच्या बाकावर जमादार. दोर लावला नाही. जमादारांनी रजिस्टरात 'योग्य बंदोबस्तात नेले' असं लिहवून घेतलं. तो बंदोबस्त म्हणजे डोमाच्या हातात दिलेली पट्टीची गुंडाळी, हे लिहवलं नाही. मी माझे आठ नियम फाडून टाकले.

सहा-सात महिन्यांनी डोमा ठाण्यावर आला, जमादारांसाठी पानाच्या पुडीत चारोळी घेऊन. आवाज पुरते गेले नव्हते, पण आता दुरून येतात म्हणाला. मी न राहवून विचारलं, एवढ्या पोलिसांत तुला याच माणसाचा भरवसा कसा वाटला?

"साहेब, बाकी सारे आवाज मांगून येत होते," तो म्हणाला. "ह्या भाऊचा समोरून आला."

जमादारांनी सुपारी कातरायची थांबवली आणि मिशा पुसल्या.

पुढे पुन्हा क्लास भरला तेव्हा डी.एस.पी. साहेब अचानक इन्स्पेक्शनला आले. पाहतात तर शिपाई अनवाणी, मातीत फतकल मारून पट्ट्या गुंडाळत बसलेले, आणि त्यांना शिकवायला जमादार. मी वही घेऊन मागच्या रांगेत. ही कुठली शिस्त, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, ट्रेनिंग चालू आहे साहेब. पोलिसाला खाली बसायला शिकवायचं तर दोन दिवस पुरतात. डॉक्टरला थोडे जास्त लागतात.