फोनवरून झाडलेल्या अळ्या

इस्लापूरजवळच्या आमच्या गावी मी लातूरहून चार दिवसांच्या सुट्टीला गेलो, तेव्हा मायच्या शेळीच्या मानेला कुत्रा चावून जखम झालेली होती आणि तीत अळ्या पडल्या होत्या. वडील गेल्यापासून मायचं बोलणं असायचं ते त्या शेळीशीच. "उद्या सकाळी दवाखान्यात नेऊ," माय म्हणाली.

मोडता घातला तो मी. उदगीरकडचा एक म्हातारा मंतर टाकून अळ्या झाडतो, तेही आता मोबाइलवरून, असं कानावर आलं होतं. असला तमाशा मी सोडतो होय? शेजारीपाजारी अंगणात जमवले आणि फोन स्पीकरवर टाकला.

"जनावर कोन्या रंगाचं?" म्हाताऱ्याने विचारलं.

"काळं."

"जखम कोन्या अंगाला?"

"डाव्या. मामा, शेळीकडंच देऊ का फोन?"

सगळं अंगण पोट धरून हसलं. म्हातारा बराच वेळ पुटपुटला आणि शेवटी त्याने बजावलं, "औषध लावायचं न्हाई. लावलं की मंतर फिरला."

दुसऱ्या दिवशी खरंच टपोऱ्या अळ्या एकेक करून खाली पडल्या. मी लगेच पारावर जाऊन म्हाताऱ्याची आणि शेळीची, दोघांचीही नक्कल करून दाखवली. घरी माय सीताफळाचा पाला वाटून बसली होती. "लावू का रं?" ती विचारायची. "मंतर फिरंल, माय," मी म्हणायचो, निम्मं थट्टेनंच. ती ऐकायची, कारण मी शिकलेला.

तिसऱ्या दिवशी शेळीने मान टाकली. डॉक्टरांना घरी बोलावलं. त्यांचा चिमटा जखमेत शिरला तो आत जातच राहिला.

"पोसलेल्या अळ्या आपोआप गळतात, मातीत कोश करायला," ते म्हणाले. "बारक्या आत पोखरत राहतात. दोन दिवस आधी आणायला पाहिजे होती."

दुपारी शेळी गेली. मायने तिच्या गळ्यातली दोरी सोडून घेतली.

गावी गेलो की तो किस्सा लोक अजून मागतात आणि मीही रंगवून सांगतो. गेल्या खेपेला हशा ओसरायच्या आत माय दारातून म्हणाली, "तिसऱ्या दिवसाचं तू कदी सांगतच न्हाईस."

मग तेही सांगितलं. चुकत, अडखळत. माय शेवटपर्यंत दारातच उभी होती.