शेवट बघायला निघालेली आत्या

आमच्या आत्याने थेटरात पाहिलेल्या एकाही सिनेमाचा शेवट पाहिलेला नव्हता, आणि शेवट सांगता येत नाही असा एकही सिनेमा तिच्याकडे नव्हता. दहिसरच्या चाळीत सगळे तिला पिक्चरआत्या म्हणायचे. दुपारी तीनचा खेळ आणि कडेची खुर्ची, हे ठरलेलं. कडेची अशासाठी, की मध्येच उठताना लोकांचे पाय तुडवायला नकोत. चाळीच्या नळाला साडेपाचला पाणी यायचं आणि बघता बघता जायचं. नायक खलनायकाच्या अड्ड्यावर पोचला, की आत्या पदर खोचून उठायची. "पाणी येतला," एवढंच म्हणायची आणि अंधारातून बाहेर पडायची. लहानपणी ती मलाही बरोबर न्यायची. मला हाताला धरून फरफटत बाहेर काढलं जायचं, आणि त्या नायकाचं पुढे काय झालं हे मला आजतागायत माहीत नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही.

नळावर हंड्यांची रांग लागलेली असायची आणि बायका वाटच बघत असायच्या. तिथे आत्या अख्खा सिनेमा सांगायची, न पाहिलेल्या शेवटासकट. शेवट जवळ आला की तिचा आवाज चढायचा. तिच्या सिनेमात कुणी मरायचं नाही. सासू माफी वगैरे मागायची नाही, पण सुनेला ताट वाढून द्यायची. खलनायकालाही हातपाय धुवायला लावून पाटावर बसवलेलं असायचं. "मगे सगळी जेवूक बसली," हे तिचं शेवटचं वाक्य. एकदा शेजारच्या परबकाकी खरा सिनेमा पूर्ण बघून आल्या आणि नायिका कड्यावरून उडी मारते म्हणून सांगू लागल्या. आत्याने हंडा उचलला आणि म्हणाली, "ती दुसरी कोण असतली. माझी बाई घराक गेली." त्यावर नळावर असं भांडण पेटलं की पाणी गेलं तरी कुणाच्या लक्षात आलं नाही. पुढे परबकाकींनी थेटरात जाणंच सोडलं. आत्याचा शेवट बरा असतो, म्हणायच्या.

टीव्ही आल्यावर मी तिला म्हटलं, "आता घरबसल्या बघ की शेवट." पण टीव्हीवर शेवट जवळ आला की ती उठून स्वयंपाकघरात जायची आणि कढईत उगाचच कालथा खडखडवायची. थेटरात सोडलेला शेवट थेटरातच बघायचा, असा तिचा हट्ट. "मोठ्या पडद्यावर, काळोखात, शेवटची पाटी येयसर बसान," ती म्हणायची. पाटी येईपर्यंत उठायचं नाही, एवढंच तिला आयुष्यात एकदा हवं होतं. दागिना नको, तीर्थयात्रा नको. हट्टी बाई, दुसरं काय.

पण तेवढंही जमेना. चाळ पाडून टॉवर झाला, नळाला चोवीस तास पाणी आलं, आणि त्याच सुमारास आत्याच्या यजमानांना अर्धांगाचा झटका आला. काका एके काळी गिरणीत होते, तगडे होते. आता त्यांना कुशीवर वळवायलाही माणूस लागायचं. आत्या कितीतरी वर्षं भाजी आणण्यापुरतीच घराबाहेर पडली. मध्ये आमचं जुनं थेटर बंद झालं आणि तिथे सोफ्यांचं दुकान आलं. काका गेले तेव्हा तिचे गुडघेही गेले होते. मी बोरीवलीहून तिला भेटायला गेले की ती खिडकीत बसलेली असायची. मी जवळच्या मल्टिप्लेक्सला चल म्हणायचे, ती पुढच्या रविवारी म्हणायची.

मग एक दिवस तिने वर्तमानपत्र माझ्यापुढे धरलं. अंधेरीत आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरणार होता. "दिवसभर पिक्चर? जगभरातले? आणि मधीच कोण उठवणा नाय?" तिने विचारलं. नाही उठवत, मी म्हटलं. इंटरव्हलसुद्धा नसतो. तिला ते खरंच वाटेना. "तुला कुठला बघायचाय?" तर म्हणाली, "खंयचो पण चलात. शेवट आसलेलो होयो." मी ऑफिसातून रजा टाकली आणि दोघींचे पास काढले. गळ्यात फोटोचा पास घातल्यावर ती आरशात बघून म्हणाली, "शाळेत घातलंय जणू माका."

पहिल्या दिवशी आम्ही मेट्रोने गेलो. आत्या चांगली साडी नेसली होती आणि तिने डब्यात घावणे घेतले होते. दारावरच्या सुरक्षारक्षकाने डबा काढून टेबलावर ठेवला. आत खाणं चालत नाही, म्हणे. आतमध्ये मात्र पॉपकॉर्नचे डोंगर. रांगेत उभं राहिल्यावर कळलं, की नुसता पास असून भागत नाही, सकाळीच मोबाईलवर जागा धरायची असते. मोबाईलवर जागा धरायला गेले तर चक्र फिरतच राहिलं, आणि थांबलं तेव्हा सगळं भरलेलं. मग बिनजागेवाल्यांची वेगळी रांग. ती जिन्यावरून खाली गेली होती. रांगेला माझी ना नाही, पण ती कुठे जाते हे सांगायला तरी एक माणूस असावा ना! आमच्या पुढे सहा माणसं असताना दार बंद झालं. मी तिथल्या पोरीशी तावातावाने भांडले. आत्या म्हणाली, "सोड गो बाय. उद्या नळ लवकर गाठूया."

दुसऱ्या दिवशी आम्ही नळ लवकर गाठला. मी पहाटेपासून मोबाईल हातात धरून दोन खुर्च्या मिळवल्या, त्यातली एक कडेची. आत्याने ती मला दिली आणि स्वतः मधली घेतली. आज तिला उठायचंच नव्हतं. आधी पाहुण्यांची भाषणं झाली, मग पुष्पगुच्छ, मग ज्याला पुष्पगुच्छ मिळाला त्याचं भाषण. अखेर सिनेमा लागला. कुठल्याशा बेटावरचे दोन भाऊ, एक बोट आणि दोघांतलं वैर. आत्या पुढे वाकून बघत होती. वादळात धाकटा पाण्यात पडला, थोरल्याने दोर हातात घेतला, आणि पडदा निळा झाला. दिवे लागले. तांत्रिक अडचण आहे, क्षमस्व, असं एकाने येऊन सांगितलं. अर्ध्या तासाने, खेळ रद्द झाला, असंही सांगितलं. माझ्या डोक्याची शीर तडतडत होती. आत्या मात्र त्या निळ्या पडद्याकडे बघत म्हणाली, "ह्यांका पण पाणी भरूचा आसा काय?"

तिसऱ्या दिवशी मी नको म्हणत होते. तिचे गुडघे सुजले होते आणि माझी सहनशक्ती संपली होती. पण ती साडी नेसून तयार होती. त्या दिवशी सगळं सरळ झालं, आणि त्यामुळेच मला धास्ती वाटायला लागली. सिनेमा कुठल्या तरी बर्फाळ देशातला होता. एका म्हातारीचा मुलगा भांडून निघून गेलाय. ती रोज रस्त्यापर्यंत जाते, येणारी बस बघते आणि परत येते. खालची इंग्रजी वाक्यं मी आत्याच्या कानात मराठीत सांगत होते. मागच्याने दोनदा श्श केलं. तेव्हा आत्याच मला म्हणाली, "गप ऱ्हव. बाई दाराकडे बघता, ता माका कळता." सिनेमा दोन तास तसाच चालला होता. मला डुलकी येत होती, आत्याची पापणी लवत नव्हती. शेवटी संध्याकाळी दारावर थाप पडली. म्हातारी उठली, पदराला पुसावेत तसे तिने हात झग्याला पुसले, कडीला हात घातला. आणि अंधार. मग नावं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आत्या नावं वाचल्यासारखी पडद्याकडे बघत राहिली. एकही अक्षर तिला लागत नव्हतं, पण शेवटची पाटी येऊन जाईपर्यंत ती हलली नाही. दिवे लागल्यावर तिने माझा दंड धरला. "असो कसो गो संपलो? दार खंय उघडल्यान?" मी म्हटलं, असे असतात हे सिनेमे. "असे म्हणजे कसे?" तिने विचारलं.

सिनेमाचा दिग्दर्शक समोर येऊन उभा राहिला होता. टोपी घातलेला तरुण, हसऱ्या चेहऱ्याचा. लोक त्याला प्रकाशाबद्दल, शांततेबद्दल विचारत होते. आत्याने हात वर केला. मी तो खाली ओढला, तिने पुन्हा वर केला. माइक आला. परक्या माणसांशी ती नेहमी बोलायची तशा शुद्ध मराठीत म्हणाली, "साहेब, दाराबाहेर तिचा मुलगा होता की नव्हता?" इंग्रजीत विचारा, असं कुणीतरी म्हणालं. मग मला उभं राहून ते इंग्रजीत सांगावं लागलं. तो हसला. छान प्रश्न आहे, म्हणाला; तो शेवट मी तुमच्यावर सोपवलाय, तो तुम्ही तुमच्या मनात पूर्ण करा. मी आत्याला सांगितलं. तिने माइक पुन्हा आपल्याकडे ओढला आणि म्हणाली, "आयुष्यभर शेवट मीच करत आलेय, साहेब. आज तुमचा बघायला आले होते."

हे मी इंग्रजीत सांगताच सभागृहात हशा पिकला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. एका मुलीने तर आत्याचा फोटो काढला. दिग्दर्शकाने छातीवर हात ठेवून मान झुकवली. सगळे खूश होते, एक ती सोडून. "टाळये कित्या वाजयतत? शेवट दिल्यान काय तेना?" तिने मला खडसावून विचारलं. परतताना मेट्रोत ती दर स्टेशनावर उघडणाऱ्या दाराकडे बघत होती. मला त्या टोपीवाल्याचा असा संताप आला होता! तुझ्या म्हातारीने नुसती कडी काढली असती तर तुझं काय बिघडलं असतं, मेल्या?

नंतर मी तिला हवा तो साधा हिंदी सिनेमा दाखवते म्हणाले. नायक, गाणी, ठणठणीत शेवट. ती ऐकेना. "आधी त्या बायचा दार उघडूदे," म्हणायची. फोन केला की पहिला प्रश्न तोच, काही कळलं का? मी इंटरनेटवर त्या दिग्दर्शकाच्या मुलाखती वाचून काढल्या. सगळीकडे एकच उत्तर, प्रेक्षकांनी ठरवावं.

वर्षभराने तिचं हृदय दगा द्यायला लागलं. बोरीवलीच्या इस्पितळात मी संध्याकाळी तिच्याजवळ बसायचे. एकदा तिने पुन्हा विचारलं, तेव्हा मी थाप मारली. "कळलं गं आत्या. मुलगाच होता. तिने दार उघडलं."

"मगे?"

"मग काय, सगळी जेवूक बसली."

तिने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. आधी हसली आणि मग तिच्या कपाळावर तीच ओळखीची आठी आली. "ह्यो माझो शेवट, गो. तेचो सांग," ती म्हणाली. त्या टोपीवाल्याने तर तो केलाच नव्हता. दोन दिवसांनी ती गेली.

तेरावं टॉवरच्या खालच्या हॉलमध्ये झालं. जुन्या चाळीतली, कुठे कुठे पांगलेली माणसं आली होती. ज्यांनी नळावर एकमेकींच्या झिंज्या उपटल्या होत्या त्या एकमेकींच्या पानात भात वाढत होत्या. परबकाकी काठी टेकत माझ्या शेजारी येऊन बसल्या. पानांवरून नजर फिरवून हळूच म्हणाल्या, "बघ गो, सगळी जेवूक बसली."

मला हा शेवट नको होता. तिला दुसऱ्या कुणीतरी केलेला शेवट हवा होता, आणि एवढ्या मोठ्या जगातून आलेल्या एवढ्या सिनेमांत तो तिला कुणी दिला नाही. माणसं हात धुऊन निघू लागली, मुलं खुर्च्या उचलू लागली. तू पण ऊठ आता, असं कुणीतरी मला म्हणालं. मी उठले नाही. शेवटची पंगत उठेपर्यंत मी तिथेच बसून राहिले.