सुतळीनं शिवलेलं अर्धं पुस्तक

विमल गेल्याचं मला अल्लीपूरच्या बसच्या कंडक्टरनं सांगितलं. मी रोज त्याच बसनं शाळेत शिकवायला जाते. "बाई, तुमची मैत्रीण सकाळीच गेली," तो म्हणाला. मी 'बरं' म्हटलं, तिकीट घेतलं, शाळेत जाऊन आठवीला निबंध लिहायला दिला... आज सहा आठवडे झाले. रडू आलेलं नाही. लोक म्हणतात, येईल. मला तसं वाटत नाही.

सिंदी रेल्वेच्या हायस्कुलात आम्ही एका बाकावर बसायचो. माझे वडील शिंपी. ती जवळच्या खेड्यातल्या शेतकऱ्याची मुलगी, रोज चालत यायची. मॅट्रिकच्या वर्षी मराठीचं पुस्तक आम्हा दोघींत एकच मिळालं. ते एकीकडे राहिलं की दुसरी रिकामी बसायची. मग विमलनंच ते सरळ मधोमध फाडलं, गद्य वेगळं, पद्य वेगळं. कापसाची पोती शिवायचं दाभण तिनं घरून आणलं होतं. दोन्ही भागांना पुठ्ठे लावून तिनं ते सुतळीनं शिवले. उरलेली सुतळी मी कापायला निघाले तर माझा हात धरला. "लांबच राहू दे वं कुसुम. परीक्षा झाली का पुन्हा एकात एक शिवून टाकू." दर शनिवारी आम्ही भाग बदलायचो. कवितांची दोघींनाही धास्ती. संदर्भासह स्पष्टीकरण आलं की ती वैतागायची. "सरळ सांगतलं असतं त का बिघडलं असतं त्या कवीचं?" असं म्हणायची आणि तरी मान खाली घालून पाठ करायची, कारण तिला मास्तरीण व्हायचं होतं. तिच्या मोठ्या भावानं शब्द दिला होता, पास झाली तर वर्ध्याला मास्तरकीच्या शिक्षणाला पाठवीन. नापास झाली तर उन्हाळ्यातच लग्न. अल्लीपूरचं स्थळ येऊन बसलंच होतं.

परीक्षेआधीच्या शेवटच्या शनिवारी पद्य माझ्याकडे होतं. गद्य माझं झालं होतं, कविता काही केल्या डोक्यात राहत नव्हत्या. विमल गद्य घेऊन दारात आली तेव्हा मी उंबऱ्यातच उभी राहिले. मामाच्या सामानात पद्याचा भाग चुकून हिंगणघाटला गेला, असं तिला सांगितलं. इतकं धडधडीत खोटं मी त्याआधी कधी बोलले नव्हते. तिनं माझ्या खांद्यावरून घरात एकदा पाहिलं. "बरं. मंग हे गद्य माह्यापाशीच राहू दे," म्हणाली आणि आल्या वाटेनं परत गेली.

मी पास झाले. ती राहिली, तीही मराठीतच, थोडक्यात. तिच्या लग्नात मी पंगतीत वाढलं आणि पुढे वर्ध्याला शिकायला मी गेले. मास्तरीणही मीच झाले. नंतर बसस्टँडवर भेटायची, मुलीचं कौतुक सांगायची, पुस्तकाचं नाव काढायची नाही. मीही काढलं नाही. सांगायला हवं होतं... एवढंच लिहिता येतं.

मागच्या रविवारी तिची मुलगी रेखा आली. यंदा आठवीत आहे. पिशवीतून तिनं गद्याचा भाग काढून माझ्यापुढे ठेवला. पुठ्ठा तोच, सुतळी तशीच लांब.

"आईनं तुमाले द्याले सांगतलं होतं. दुसरा भाग तुमच्यापाशीच हाये म्हणे."

"तिले कसं माहीत?"

"त्या दिवशी तुमच्या घरी शिलाई मशीनच्या झाकणातून सुतळी लोंबून राह्यली होती. आईले दारातूनच दिसली. सांगताना हासे."

"मंग तिनं मांगतलं काऊन नाई?"

"मीबी हेच इचारलं होतं. त म्हणे, कुसुमलेबी भेव वाटत असन."

मी तिला चहा दिला, बसमध्ये बसवून आले. मग पेटीच्या तळाशी ठेवलेलं पद्य काढलं. आता दोन्ही भाग टेबलावर आहेत. माझ्या भागाची उरलेली सुतळी मी निकालाच्या दिवशीच कापून टाकली होती. जोडायला तिची एकटीची पुरेल का, ते मी अजून पाहिलेलं नाही.