मारुतीच्या ताब्यातला शिक्का

आमच्या गावच्या ग्रामसेविका बाईंनी मला मदत केली, हे आधी लिहून टाकते. काय घडलं ते सांगायला लागले की मला हसू येतं, मग भीती वाटते, आणि आभार राहून जातात.

मी आठवीत शाळा सोडली. आता तिरुपूरला कारखान्यात बनियन शिवते. आधार कार्डावर पत्ताही तिथलाच. दोन मशीन सोडून वाशिमजवळच्या भाजीवाल्यांचा मुलगा बसतो. जात वेगळी, पण आमचं जमलं. लग्न वाशिमला कचेरीत नोंदवायचं ठरलं, तर तिथल्या साहेबांनी माझ्या गावचा रहिवासी दाखला मागितला. तो दिला की नोटीस लागणार, महिन्यानं येऊन सह्या करायच्या. नाही मिळाला तर मामानं शोधलेला मुलगा तयारच होता.

आमचं गाव किन्हीराजा फाट्यापासून बरंच आत. ग्रामपंचायतीचं छत गळायला लागल्यापासून कार्यालय मारुतीच्या सभामंडपात भरतं. तात्पुरतं. मी पाचवीत होते तेव्हापासून तात्पुरतं. शनिवारी तेल वाहायची गर्दी, म्हणून सरकारी काम बंद. कपाटाचं कुलूप मोडलेलं, म्हणून शिक्का गाभाऱ्यात, देवाच्या मागं. गाभाऱ्यात बाईमाणसाला मनाई, आणि शिक्का मारायचा अधिकार बाईंना. त्यामुळं दर दाखल्याला बाईंनी उंबऱ्याबाहेर हात पुढं करून उभं राहायचं आणि मंदिर समितीच्या अध्यक्षांनी आतून शिक्का आणून द्यायचा, प्रसाद दिल्यासारखा. अध्यक्ष म्हणजे सरपंचबाईंचे यजमान. सरपंचबाई महिन्यातले चार दिवस स्वतःहून यायच्या नाहीत. उरलेले दिवस यजमान येऊ द्यायचे नाहीत.

माझा अर्ज वाचून अध्यक्षांनी चष्मा कपाळावर सरकवला.

“कायले पाह्यजे दाखला?”

“लग्न नोंदवायचं हाय, काका.”

“कोनाशी?”

मी सांगितलं. पारावर पत्ते खेळणारे दोन म्हातारे डाव टाकून आत आले.

“तिकडं एकाच खोलीत राहून राह्यले म्हनते तुमी. खरं काय?”

खोटं बोलायचं ठरवूनच आले होते, पण समोर मारुती. “हो,” म्हणाले.

“खाट एक का दोन?” एका म्हाताऱ्यानं विचारलं. धर्म नेमका किती बुडाला याचा अंदाज घ्यायचा असावा.

“आजोबा, अर्जात खाटेचा रकाना नाही,” बाई म्हणाल्या. “अध्यक्ष, शिक्का द्या.”

“नाई भेटत. मारुती ब्रह्मचारी हाय, बाई. त्याच्या म्होरं असले कागद चालत नाईत.”

“मंग जन्माचे दाखले कसे चालतात? मागच्या आठवड्यात तुमच्याच नातवाचा दिला.”

“ते लग्नाचं लेकरू हाय!”

“ब्रह्मचाऱ्याले त्यातलं काय कळते?”

म्हातारे हसले. ते अध्यक्षांना लागलं. “एवढीच घाई असंन तर जा ना आत. घ्या सोताच्या हातानं.”

सगळे बाईंच्या पायाकडं बघायला लागले. एक पाऊल आत पडलं असतं, तर संध्याकाळपर्यंत गाव गोळा झालं असतं आणि माझा दाखला कोणाच्या ध्यानातही राहिला नसता. बाई वळल्या, खुर्चीत बसल्या, कोरा कागद घेतला आणि मोठ्यानं वाचत लिहायला लागल्या.

“ग्रामपंचायतीचा शिक्का सध्या श्री मारुती यांच्या ताब्यात असून मागणी करूनही त्यांनी तो दिलेला नाही. सबब पंचनामा. अध्यक्ष, पंच म्हणून सही करा. गटविकास अधिकाऱ्यांकडे पाठवते. ते काढतील नोटीस.”

“देवाले नोटीस?”

“सरकारी वस्तू अडवली ना त्यांनी. का तुमी अडवली? तसं असंन तर नाव बदलते.”

अध्यक्ष एकदा गाभाऱ्याकडं बघत, एकदा कागदाकडं.

“देऊन टाक ना बे,” मघाचाच म्हातारा म्हणाला. “देवाले कायले तालुक्याले हिंडवतं?”

शिक्का बाहेर आला, शेंदरानं माखलेला. बाईंनी रुमालानं पुसला, तरी दाखल्यावर गोलाच्या कडेला केशरी डाग उतरलाच. वाशिमच्या साहेबांनी तो बोटानं घासून पाहिला.

“हे काय?”

“आमच्याकडं असाच येतो, साहेब,” मी म्हटलं. त्यांनी फाइलला लावला.

महिन्यानं सह्या झाल्या, आम्ही तिरुपूरला परतलो. थोड्याच दिवसांत गावाकडच्या मैत्रिणीचा फोन आला. बाईंनी देवाचा अपमान केला, अशी समितीनं तक्रार दिली होती. तो पंचनामा पुढं गेलाच नव्हता, पण कोणीतरी त्याचा फोटो काढून ठेवला होता. बाईंवर चौकशी लागली. पत्तेवाल्यांना विचारलं, तर ते म्हणे त्या वेळी पत्त्यांतच होते.

मी बाईंना फोन केला. “मॅडम, माझ्यामुळं झालं हे.”

“तुझ्यामुळं कायले? दाखला देणं माझं कामच होतं. तू मशीनवर ध्यान दे, नाहीतर बोट शिवून घेशील.”

मला चारचौघांत बोलायची भीती वाटते. सुपरवायझरनं नुसतं नाव विचारलं तरी अडखळते. पण साक्षीदार म्हणून माझं नाव मी पोस्टानं कळवलं आहे. अजून उत्तर नाही. तारीख लागेल तेव्हा बिनपगारी रजा काढून येईन आणि झालं ते सगळं सांगेन, ज्याची मला लाज वाटते तेसुद्धा. तिथं मला बोलू दिलं नाही, तर दुसरी काही वाट शोधीन. पण बाई, तुमचे हे उपकार मी फेडीन.