महाबळेश्वरच्या थंडीत भरलेल्या दोन बादल्या

चार कानटोप्या, दोन स्वेटर आणि सासूबाईंना एक शाल, सगळं हजाराच्या आत बसलं. दूध संस्थेचा बोनस आला, म्हणून औंदाच्या दुष्काळातही देवाच्या कृपेनं आम्ही महाबळेश्वरला आलो. मैत्रिणींनो, आज सकाळची गोष्ट लगेच लिहून टाकते.

इथं लॉजवर गरम पाण्याचा नळ सोडला, की आधी बराच वेळ गारच येतं. ते मोरीत जाऊ द्यायला माझं मन होईना. काल आल्या आल्या मी खाली बादली लावली. एक भरली, मग दुसरी.

कॉलेजात जाणारी माझी लेक वैष्णवी वैतागली. "आई, इथं काय टँकर येतो का? कावून भरून ठेवायलीस? लोक हसतील ना!"

"हसू दे. वाया जाणारं पाणी मला बघवत न्हाई."

आज सकाळी लॉजची मोटार जळाली आणि सगळे नळ कोरडे पडले. शेजारच्या खोलीतली बाई तान्हं बाळ घेऊन दारात आली. बाळाला धुवायला थेंब नव्हता. मी उठायच्या आत वैष्णवीनं बादली उचलून तिच्या खोलीत नेली.

"तुम्ही एवढं पाणी कसं काय भरून ठेवलं?" बाईनं विचारलं.

"आमी बीडचे, काकू," लेक ताठ मानेनं म्हणाली. "माझ्या आईनं भरलंय."

सासूबाई शालीतून म्हणाल्या, "आता न्हाई का गं लोक हसत?"

लई थंडी हाय इथं, पण मला आज ती लागलीच नाही. पुढच्या हिवाळ्यात कुठं जावं? स्वस्तातलं, देवदर्शन होईल असं गार ठिकाण उलट टपाली कळवा. बादली मी घरूनच आणीन.