गढीच्या तटातली वाट

अंगणात हळद शिजायला लागली, की मला नव्वदच्या दशकातली सासरची पहिली सुगी आठवते. बारावी होताच माझं लग्न झालं होतं. एका दुपारी गावच्या गढीच्या बाहेरच्या तटाआड मी एकटीच रडत बसले होते. तिथं थोरल्या जाऊबाईंनी मला गाठलं.

“काहून रडून राहिली गं?”

“अक्का, मला कॉलेज शिकायचं व्हतं.”

त्या शेजारी टेकल्या. “पेंढाऱ्यांच्या धाकानं बांधला व्हता हा तट. धाक गेला, मग गावानंच तो फोडून सडकेला वाट काढली. मामंजींचं मन बी वळंल. मी बोलते.”

तेव्हा मला तो तट तुरुंगासारखा वाटायचा. आज तिथं गेले, की आधी वाटच दिसते. त्याच वर्षीच्या जूनमध्ये अक्कांनी बांधलेला डबा घेऊन मी तिथूनच कळमनुरीची एसटी धरायला निघाले.